समोरच्या दातांतली फट आणि दोन कॅपचा सल्ला

प्रश्न : डॉक्टर ताई, सप्रेम नमस्कार. मी बार्शी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ३४. माझ्या वरच्या समोरच्या दोन दातांमध्ये लहानपणापासून फट आहे. पट्टीने मोजली तर साधारण २ मिलिमीटर भरते. आजी म्हणायची, फट असलेली पोर नशीबवान असते, त्यामुळे कधी कुणी काही केलं नाही. आता शाळेच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर जातात आणि मला माझं हसणं बघवत नाही. बोलताना नकळत हात तोंडावर जातो. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही दातांचं रूट कॅनाल करून कॅप बसवू, आठवड्यात काम होईल. सोलापूरला दुसरीकडे दाखवलं, तर त्यांनी अलायनर (दात सरकवणारे पारदर्शक प्लास्टिकचे साचे) सांगितले, वर्षभर लागेल म्हणाले. चुलतबहिणीने मोबाईलवर रबराच्या बारीक रिंगा दाखवल्या, रात्री दातांना अडकवून झोपायचं म्हणे. आमचे हे म्हणतात, काही करू नकोस, छान दिसतेस. दिराचं लग्न चार महिन्यांवर आलंय. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिलाही तशीच फट आहे. तिच्यावर आत्ताच उपचार करावेत का? आणि गंमत म्हणजे सासूबाईंच्याही (वय ५८, शुगर आहे) दातांत गेल्या दीड-दोन वर्षांत फट पडली आहे. आमच्या घरात फटीची साथच आली आहे जणू. काय करू?
– एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

उत्तर : नमस्कार. तुम्ही गंमत म्हणून लिहिलेलं शेवटचं वाक्य मी आधी घेते, कारण तुम्हा तिघींमध्ये घाई करायला हवी ती सासूबाईंच्या बाबतीत.

लहानपणापासूनची फट आणि पन्नाशीनंतर नव्याने पडलेली फट यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तुमची फट ही तुमच्या दातांची ठेवण आहे. सासूबाईंचे दात मात्र जागचे हलले आहेत, आणि या वयात पटाशीचे दात पुढे सरकू लागले, पंख्यासारखे पसरू लागले, की पहिला संशय हिरड्यांच्या आजाराचा घ्यायचा. आपण ज्याला पायरिया म्हणतो तोच. दाताच्या कडेला कीटण साचतं, त्यातल्या जंतूंमुळे हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि दाताला धरून ठेवणारं हाड आतल्या आत झिजत जातं. हे सगळं बहुतेक वेळा न दुखता होतं, म्हणून माणूस डॉक्टरकडे जातच नाही. ब्रश करताना रक्त येतं का, सकाळी तोंडाला वास येतो का, दात पूर्वीपेक्षा लांब दिसतात का, बोटाने किंचित हलतात का, एवढं त्यांना विचारा. शुगर जास्त राहिली की हा आजार जोर धरतो, आणि हिरड्यांतला संसर्ग तसाच राहिला की शुगर आटोक्यात ठेवणं अवघड होतं. दोन्ही बाजूंनी नुकसान. तेव्हा गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या आणि रिपोर्ट दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक विचारा : मागच्या दाढा काढून टाकल्या आहेत आणि तिथे काही बसवलेलं नाही, असं झालंय का? आपल्याकडे हे फार दिसतं. दाढ दुखली, काढली, विषय संपला. मग चावण्याचा सगळा भार पुढच्या दातांवर येतो. ते त्या भारासाठी बनलेलेच नसतात, त्यामुळे ते पुढे ढकलले जातात. मिश्री लावण्याची सवय असेल तर ती सोडवायला हवी. तो तंबाखूच आहे, आणि त्याचं नुकसान हिरड्यांवर थांबत नाही.

सासूबाई बहुधा म्हणतील, ‘दात साफ करून घेतले की ते सैल होतात, फटी पडतात.’ त्यांना समजावून सांगा. कीटणाचा थर दातांना वरवर जखडून ठेवतो आणि फटी भरून टाकतो. तो काढला की झिजलेली जागा उघडी दिसते, एवढंच. फट साफसफाईने पडत नाही, ती आधीच पडलेली असते. हिरड्यांच्या तज्ज्ञांना, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टना दाखवा. एक्स-रे काढून हाड किती शिल्लक आहे ते बघतील, मुळापर्यंत खोल सफाई करतील, गरज पडली तर हिरडीची छोटी शस्त्रक्रिया. आजार आटोक्यात आला की थोडीशी सरकलेली फट कधीकधी आपोआप कमीसुद्धा होते. तोपर्यंत ती फट सिमेंटने बुजवून द्या, असा आग्रह कुणाकडेही धरू नका. आतलं हाड झिजत असताना वरून दात सुंदर करण्याला काही अर्थ नाही. या आठवड्यातच दाखवा.

आता तुमच्याबद्दल.

सगळ्यात आधी ते रूट कॅनाल आणि कॅप. तुमचे दोन्ही दात निरोगी आहेत, किडलेले नाहीत, मार लागलेले नाहीत, असं धरून मी स्पष्ट लिहिते : फक्त फट बुजवण्यासाठी हे करू नका. कॅप बसवायची तर दात चारही बाजूंनी घासावा लागतो, आणि दाताचा जो भाग आपल्याला दिसतो त्यातला अर्ध्याहून जास्त त्यात निघून जातो. रूट कॅनाल म्हणजे आतली जिवंत नस काढून टाकणं. ज्या दाताची नस सडली आहे, ज्याचा अर्धा भाग तुटला आहे, त्या दातासाठी हा उपचार वरदान आहे. चांगल्या दातासाठी तो निव्वळ नुकसान आहे. तुम्ही ३४ वर्षांच्या आहात. कॅप काही जन्मभर टिकत नाही. दहा-पंधरा वर्षांत ती बदलावी लागते, दर वेळी आतला दात थोडा आणखी कमी होतो, आणि साठीत पोचेपर्यंत त्या दातांच्या नशिबी काय येईल याची मला काळजी वाटते. तुमचे डॉक्टर वाईट हेतूने सांगत असतील असं मी म्हणत नाही. कॅप हे हातखंडा काम आहे, निकाल लवकर दिसतो, पेशंटही खूश होतो. पण इनॅमल, म्हणजे दाताचं ते वरचं कठीण कवच, एकदा घासलं की पुन्हा वाढत नाही. म्हणून मी नेहमी एकच क्रम धरते : ज्यात दाताचं काहीच जात नाही ते आधी, थोडं जातं ते नंतर, खूप जातं ते अगदी नाइलाज असेल तेव्हा.

उपचार ठरवण्याआधी फट कशामुळे आहे ते बघायला हवं. तुमच्या पत्रात त्याबद्दल काही नाही, आणि दोन्ही डॉक्टरांनी ते तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. घरच्या घरी आरशासमोर थोडं तपासता येईल. वरचा ओठ दोन्ही हातांनी धरून वर आणि पुढे ओढा. ओठाला आतून हिरडीशी जोडणारा एक पडदा असतो, त्याला फ्रेनम म्हणतात. ओठ ओढल्यावर दोन दातांच्या मधली, अगदी टाळूकडची हिरडीसुद्धा पांढरी पडत असेल, तर तो पडदा जाड आहे आणि दातांच्या मधोमध उतरला आहे. मग एक घोट पाणी गिळा आणि जीभ कुठे जाते ते लक्षात घ्या. ती टाळूला लागण्याऐवजी पुढच्या दातांना ढकलत असेल, तर ती सवय दिवसभरात कितीतरी वेळा त्या दातांवर दाब देते आहे. तिसरं म्हणजे समोरच्या दोन दातांच्या शेजारचे दोन दात बघा. ते बारीक, टोकदार, खुंटीसारखे आहेत का? की त्यातला एखादा आलेलाच नाही? तसं असेल तर जबड्यात जागा जास्त आणि दात कमी, म्हणून फट. चौथी गोष्ट आरशात नीट दिसत नाही, ती डॉक्टर बघतील : खालचे दात वरच्या दातांच्या मागच्या बाजूला खोल आपटतात का. तसं असेल तर फट बुजवली तरी खालचे दात ती पुन्हा उघडतील.

या चारपैकी काहीच नसेल, फट लहानपणापासून आहे तेवढीच असेल आणि हिरड्या घट्ट असतील, तर तुमच्यासाठी मला सगळ्यात योग्य वाटतो तो उपाय कुणीच सुचवलेला नाही. कॉम्पोझिट बॉन्डिंग. दाताच्या रंगाचं जे ‘सिमेंट’ आपण किडलेल्या दातात भरून घेतो, त्याच जातीचं पण जास्त बारीक आणि चकाकी धरणारं मटेरियल दोन्ही दातांच्या आतल्या कडांना थराथराने चढवतात. दात घासावा लागत नाही किंवा अगदी नाममात्र खरवडतात. बहुतेक वेळा भूल द्यावी लागत नाही. पृष्ठभागावर काही सेकंद सौम्य आम्ल लावून धुतात, त्यावर चिकटद्रव्य, त्यावर कॉम्पोझिटचा पातळ थर, मग निळ्या प्रकाशाने तो कडक करायचा. पुन्हा थर, पुन्हा प्रकाश. शेवटी आकार देऊन पॉलिश. एका बैठकीत, तास-दीड तासात होतं. मन बदललं तर काढता येतं आणि खाली तुमचा दात जवळपास होता तसाच असतो. माझ्या दृष्टीने हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

तुमची फट २ मिलिमीटर आहे, इथे मात्र थोडा हिशोब करावा लागेल. पटाशीचा मधला दात साधारण साडेआठ मिलिमीटर रुंद आणि साडेदहा मिलिमीटर लांब असतो, म्हणजे रुंदी लांबीच्या ८० टक्क्यांच्या आसपास. डोळ्याला बरं दिसतं ते ७५ ते ८० टक्के. फट १ मिलिमीटर असती तर प्रत्येक दात अर्धा मिलिमीटर रुंद झाला असता आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. २ मिलिमीटर बुजवायला प्रत्येक दातावर १ मिलिमीटर चढवावा लागेल. रुंदी साडेनऊ, म्हणजे ९० टक्के. फट जाईल, पण समोर दोन चौकोनी, मोठे दात दिसतील. फट बुजवल्यावरही अनेक जणी नाराज का असतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. चांगला डॉक्टर यावर दोन मार्ग काढतो. एक तर मधल्या दातांची बाहेरची कड अगदी अंशभर कमी करून तेवढी आतल्या बाजूला चढवायची आणि शेजारच्या दोन दातांनाही थोडं कॉम्पोझिट लावायचं, म्हणजे जागा चार दातांत वाटली जाते. नाहीतर आधी काही महिने तारा किंवा अलायनर लावून जागा सरकवायची आणि उरलेली बारीक कसर कॉम्पोझिटने भरायची. तुमच्या शेजारचे दात मुळात बारीक असतील, तर हा दुसरा मार्ग सर्वांत सुरेख दिसतो. ‘थोडीशी फट राहू द्या’ असं मात्र सांगू नका. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत अन्न जास्त अडकतं. एक तर पूर्ण बुजवायची किंवा आहे तशी मोकळी ठेवायची.

निर्णय घेण्याआधी डॉक्टरांकडे एका गोष्टीचा आग्रह धरा : मॉक-अप. आम्ल आणि चिकटद्रव्य न लावता कॉम्पोझिट नुसतंच दातांवर बसवून आकार दाखवता येतो. ते दहा मिनिटांचं काम आहे आणि नंतर नखाने टचकन निघतं. त्या अवस्थेत आरसा घ्या, मोकळेपणाने हसा, ‘स’ आणि ‘फ’ असलेली दोन-चार वाक्यं वर्गात बोलता तशी बोला आणि मोबाईलवर व्हिडिओ काढा. तुम्हाला त्रास व्हिडिओचा आहे, तर निकालही व्हिडिओतच बघायला हवा. तो व्हिडिओ घरी नेऊन एक रात्र विचार करा. जो डॉक्टर हे करायला तयार आहे, त्याच्या हाती दात द्यायला हरकत नाही.

कॉम्पोझिटचे दोष लपवत नाही. ते चहा-कॉफीने, हळदीने, तंबाखूने हळूहळू पिवळसर पडतं. सहा महिन्यांनी-वर्षाने पॉलिश करून घ्यावं लागतं. साधारण पाच-सात वर्षांत दुरुस्ती किंवा बदल करावा लागतो, नीट जपलं तर अधिकही टिकतं. कोपरा उडू शकतो, पण तो त्याच दिवशी जोडता येतो. सोलापूरकडच्या माणसाला मला हे सांगावंच लागेल की कडक भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडायचा नाही. हाताने मोडा, दाढेने चावा. ऊस सोलणं, पेरूला थेट चावा, पिनेचं टोक किंवा दोरा दातांनी तोडणं, हे बंद. काम झाल्यावर खुर्चीतच डॉक्टरांना दोन दातांच्या मधून फ्लॉसचा धागा फिरवून दाखवायला सांगा. धागा अडकत असेल किंवा फाटत असेल, तर हिरडीजवळ मटेरियलची कड राहिली आहे. ती तशीच ठेवली तर महिन्याभरात तिथून रक्त यायला लागेल. दात पांढरे करून घ्यायची इच्छा असेल तर ते आधी करा आणि मग दोनेक आठवडे थांबून बॉन्डिंग करा. कॉम्पोझिटचा रंग नंतर ब्लीचने बदलत नाही, आणि ब्लीचनंतर लगेच बॉन्डिंग केलं तर ते नीट चिकटत नाही.

कुणी व्हीनिअर सुचवेल. पोर्सिलेनचे पातळ पापुद्रे दातांच्या दर्शनी भागावर चिकटवतात. डाग पडत नाहीत, चमक टिकते, दहा-पंधरा वर्षं सहज जातात. पण त्यासाठी सहसा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास इनॅमल घासावं लागतं आणि मग मागे फिरता येत नाही. दातांचा रंग, आकार सगळंच बिघडलेलं असेल तर मी त्याचा विचार करेन. तुमच्या बाबतीत आत्ता कारण दिसत नाही.

अलायनर सांगणारे सोलापूरचे डॉक्टर चुकले, असं मला म्हणायचं नाही. जीभ ढकलत असेल, पडदा जाड असेल, खालचे दात खोल आपटत असतील, तर दात सरकवणं हाच खरा उपाय. चौतिशी काही अडचण नाही. हिरड्या निरोगी असतील तर चाळिशी-पन्नाशीतही दात सरकतात. फक्त काही गोष्टी समजून घ्या. अलायनर दिवसाचे २० ते २२ तास घालायचे असतात, चहा प्यायलासुद्धा काढायचे. पहिले काही दिवस बोलणं किंचित बोबडं होतं, तेव्हा सुरुवात सुट्टीत करा. हळदीच्या पदार्थांनी ते पिवळे पडतात. तारांवर बसवतात त्या रबरी कड्यांचंही तेच. धातूच्या तारा दिसतात, पण खर्च कमी येतो आणि दात मुळासकट सरळ सरकवायला त्या उत्तम. फट एवढाच प्रश्न असेल तर सहा महिने ते वर्ष धरा.

आणि आता ते वाक्य, जे पेशंटला आधी कुणी सांगत नाही : मधली फट ही परत उघडण्यात सगळ्यांत पटाईत. तारा काढल्या की काम संपलं असं नसतं. दातांच्या मागच्या बाजूला एक बारीक तार चिकटवून ठेवतात, तिला बॉन्डेड रिटेनर म्हणतात; ती दिसत नाही, पण बहुतेकांना ती कायमच ठेवावी लागते आणि तिच्या खालून नीट सफाई करावी लागते. पडदा कापायचा असेल तर तो सहसा दात जवळ आल्यानंतर कापतात, आधी नाही. आधी कापला तर तिथे व्रण बनतो आणि दात एकत्र यायला तोच आडवा येतो. कुणी पहिल्याच भेटीत ‘लेझरने पडदा कापू, फट आपोआप बुजेल’ म्हणालं, तर दुसरं मत घ्या.

रबराच्या रिंगांबद्दल हात जोडून सांगते, त्या घरात ठेवूसुद्धा नका. दाताचं मूळ टोकाकडे निमुळतं असतं. रिंग दाताच्या रुंद भागावर टिकत नाही; ती घसरत हिरडीच्या आत शिरते आणि मुळावरून वर-वर सरकत जाते. रबर एक्स-रेमध्ये दिसत नाही, त्यामुळे रिंग तुटली असेल असं समजून माणूस दुसरी लावतो. आत गेलेली रिंग हाड खात राहते, हिरडी सुजते, पू येतो, आणि पाहता पाहता दोन निरोगी दात हलायला लागतात. यात दात कायमचे गमावलेली माणसं आहेत, आणि त्यांना सुरुवातीला तुमच्यापेक्षा मोठा त्रास नव्हता. बहिणीने त्या वापरायला घेतल्या असतील तर तिला आजच फोन करा. रिंग लावली होती आणि ती सापडत नसेल तर वाट न बघता डॉक्टरांना तसं सांगून तपासून घ्यायला लावा. घरी माप पाठवून मागवायच्या अलायनरपासूनही दूर राहा. एक्स-रे न काढता, हिरड्या न बघता दात सरकवणं धोक्याचं आहे. अमेरिकेतली या धंद्यातली सगळ्यांत मोठी कंपनी, स्माइलडायरेक्टक्लब, डिसेंबर २०२३ मध्ये एकाएकी बंद पडली आणि अर्धवट उपचारातले ग्राहक वाऱ्यावर राहिले.

दिराचं लग्न चार महिन्यांवर आहे म्हणून उपचार बदलू नका. बॉन्डिंग ठरलं तर चार महिने भरपूर आहेत. तारा ठरल्या तर लग्नानंतर सुरू करा, काही बिघडत नाही. तारखेच्या दबावाखाली घासून घेतलेले दात ही तक्रार मला दर लग्नसराईनंतर ऐकावी लागते, आणि तेव्हा माझ्या हातात काही उरलेलं नसतं.

तुमचे मिस्टर म्हणतात तो पर्यायही खरा आहे. लहानपणापासून तेवढीच असलेली फट आजार नाही, तिने दात किडत नाहीत, हिरड्या खराब होत नाहीत. ती ठेवली तर वैद्यकीयदृष्ट्या काहीही चुकत नाही. पण तुमचा हात तोंडावर जातो, वर्गासमोर उभं राहणाऱ्या बाईसाठी ते रोजचं ओझं आहे, आणि त्याचा त्रास ‘छान दिसतेस’ म्हटल्याने कमी होत नाही. तुम्हाला स्वतःला फट नको असेल, तर एवढं कारण मला पुरेसं आहे. ते घरात कुणालाही पटवून द्यायची गरज नाही.

आता लेकीचं. आठव्या वर्षी समोरच्या दातांत फट असणं ही बहुतेक मुलांची नेहमीची अवस्था असते. मधले पक्के दात साधारण सातव्या वर्षी येतात, शेजारचे आठव्या वर्षाच्या आसपास, आणि वरचे सुळे अकरा-बारापर्यंत. ते येणारे सुळे आत शेजारच्या दातांच्या मुळांना दाबत असतात, म्हणून या वयात दात बाहेरच्या बाजूला झुकलेले, विस्कटलेले दिसतात. सुळे खाली उतरले की दात सरळ होतात आणि २ मिलिमीटरपर्यंतची फट बहुतेक वेळा आपोआप मिटते. आत्ता तारा, क्लिप, पडदा कापणं, यातलं काही नको. उलट घाईने दात जवळ ओढले तर त्यांची मुळं येणाऱ्या सुळ्यांच्या वाटेत येऊ शकतात. तरीही ऑर्थोडॉन्टिस्टना, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांना एकदा दाखवून ठेवा, कारण काही गोष्टी लवकर कळलेल्या बऱ्या : एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले तरी दुसऱ्या बाजूचा आलेला नाही, ती अंगठा चोखते, फट खूपच मोठी आहे. कधीकधी दोन दातांच्या मध्ये हाडात एक जास्तीचा छोटा दात लपलेला असतो. तो एक्स-रेमध्येच दिसतो आणि तो काढल्याशिवाय फट मिटत नाही. तुमची फट आनुवंशिक असेल तर तिलाही ती पुढे राहू शकते, पण ते तेराव्या-चौदाव्या वर्षी बघता येईल. एक विनंती आहे. तुम्ही आरशासमोर स्वतःच्या दातांबद्दल जे बोलता ते ती ऐकते आहे, आणि तिचे दात हुबेहूब तुमच्यासारखे आहेत. तिच्यासमोर तेवढं जपा.

खर्चाचं विचारलं नाहीत, तरी सांगते. खासगी दवाखान्यात बॉन्डिंग दर दाताला काही हजारांत होतं. धातूच्या तारांचा खर्च दहा हजारांच्या पुढे जातो आणि अलायनर बहुतेक ठिकाणी त्याहून बरेच महाग पडतात. गावागावांत, डॉक्टरागणिक फरक पडतो, म्हणून उपचार सुरू करण्याआधी लेखी अंदाज घ्या आणि त्यात रिटेनरचे पैसे धरले आहेत का ते विचारा. सौंदर्यासाठीच्या दंतोपचारांना मेडिक्लेम सहसा लागू होत नाही. कमी खर्चात चांगलं काम हवं असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालयही आहे. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली तारांचं काम करतात. फेऱ्या आणि रांगा जास्त, पण घाईघाईने दात घासायची भीती नाही. ताराच ठरल्या तर डॉक्टर एमडीएस ऑर्थोडॉन्टिक्स, म्हणजे याच विषयातली पदव्युत्तर पदवी घेतलेले, आहेत का ते पाहा. बॉन्डिंगसाठी बीडीएस डॉक्टरसुद्धा उत्तम असू शकतात, मात्र त्यांनी केलेल्या फट बुजवण्याच्या कामाचे आधीचे आणि नंतरचे फोटो मागा, शक्यतो वर्षभरानंतरचेही. आणि कोणत्याही खुर्चीत बसलात तरी तोंड उघडण्याआधी एवढं विचाराच : ‘यात माझा दात किती घासला जाणार?’